मीठ खाल्लेली शिंपली

मित्रांनो, बंगलोरच्या जयनगरात एका स्वयंपाकघराच्या खिडकीत विरजणाच्या वाटीशेजारी एक पांढुरकी शिंपली पालथी पडलेली असते. तिची एक कड झिजून पातळ झाली आहे आणि पाठीवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. ती मी. खरं तर माझी जागा उकिरड्यावर ठरलेली होती. तिथून मी दुधापर्यंत कशी आले, ते आज सांगते.

कारवारजवळ काळी नदी समुद्राला मिळते. तिथल्या मऊ चिखलात मी जन्मले. आम्ही शिंपल्या कधी एकट्या जन्मत नाही. तिसरी म्हणजे चिखलात राहणारा, दोन शिंपांत मिटलेला खाऱ्या पाण्याचा जीव. एका तिसरीच्या आम्ही दोन बहिणी, पाठीशी बिजागरीने जोडलेल्या, आणि आमच्या मध्ये एक इवलासा मऊ जीव. भरती आली की आम्ही किंचित उघडायचो आणि ओहोटीला घट्ट मिटायचो. वर्षामागून वर्ष पाठीवर एकेक रेष उमटत गेली. ओहोटीच्या वेळी बायका लुगडी खोचून चिखलात उतरत, पायाच्या बोटांनी आम्हाला चाचपत आणि गात असत:

समुद्राच्या दारी, शिंपली बाई नांदे
तिच्या पाठीवर, लाट रांगोळी सांडे

ते गाणं आपल्यावरच आहे, या आनंदात आम्ही असायचो. गाणाऱ्या बाईच्या कमरेला टोपली आहे, हे कुठे ठाऊक होतं!

एका पहाटे आम्ही दोघी त्या टोपलीत गेलो. टोपलीतून ओल्या गोणपाटात आणि गोणपाटातून एका लॉरीत. लॉरीत मागे मंगळुरी कौलं रचलेली होती आणि पुढे पिराजीमामा गाडी हाकत होता. घाट चढताना तो मधूनमधून थांबे, ओढ्याच्या गार पाण्याने गोणपाट भिजवी आणि आमच्याशी बोले, "बायांनो, तोंड मिटून बसा. बंगलोरात एक पोर तुमची वाट बघत्येय."

ती पोर म्हणजे नीला.

नीला कारवारची. तिचा नवरा चंद्रकांत साताऱ्याकडचा. तो बंगलोरच्या एका मोठ्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढी. जयनगर तेव्हा नवंनवं वसत होतं. तिथे कस्तुराबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या या जोडप्याने भाड्याने घेतल्या होत्या. कस्तुराबाई एकट्याच राहत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं, जसं दुधात पाणी. सगळे त्यांना अक्का म्हणत. खोल्या देताना अक्कांनी एकच अट घातली होती, "मासळी-मटण आमच्या घरी चालत नाही. सरी? ठीक?" चंद्रकांतने मान डोलावली आणि नीलानेही. समुद्राकाठची ती मुलगी दिलेल्या शब्दाला जागून वरणभात खात राहिली.

पुढे नीलाला दिवस गेले आणि तिचं अन्नच तुटलं. भात समोर आला की तिला मळमळे. दूध प्यायली तर ओकारी होई. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. चंद्रकांतने चिकपेटेच्या बाजारातून डाळिंबं आणली, मोसंबी आणली. तिने एकेक फोड चोखली आणि बाजूला ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही खा, पण खा. असंच चाललं तर बाळ वाढणार कशावर?" आणि नीलाच्या जिभेवर एकच चव सारखी येई. तिसऱ्यांच्या पाण्याची. ती मात्र कुणापाशी बोलत नसे, कारण शब्द दिलेला होता. कौलं उतरवायला आलेल्या गावच्या पिराजीमामाला तेवढं ती एकदा बोलून गेली, तेही हसत हसत.

पहिल्या ग डोहाळ्याला, लेक मागे काय काय
खारं पाणी मागे, नको म्हणे दूधसाय

पिराजीमामाने ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणून तर आम्ही लॉरीत होतो.

मामाला घर माहीत होतं, पण मागचं दार माहीत नव्हतं. तो सरळ पुढच्या दाराशी आला आणि त्याने गोणपाट उंबऱ्यावर ठेवलं. खारं पाणी झिरपत नीलाच्याच रांगोळीत उतरलं. अक्का बाहेर आल्या.

"अय्यो! काय रे हे? कुणी आणायला सांगितलं?"

"तिसऱ्या आहेत, अक्का. जित्या आहेत, बघा."

"जित्या?" अक्का दोन पावलं मागे सरल्या. "उचल. आधी उचल! आमचं हे घर कसलं आहे, माहिती आहे काय तुला?"

मामा गोणपाटाला हात घालणार तोच नीला भिंतीला धरून पुढे आली. "मामा, परत ने रे," ती म्हणाली. "मी अक्कांना शब्द दिलाय." एवढं बोलताना तिची नजर मात्र आमच्यावर होती. दूर जत्रेत हरवलेलं माणूस अचानक दिसावं, तशी.

मामा सरळ माणूस. त्याच्या पोटात काही राहत नसे. "शब्द कसला? पोटुशीचे डोहाळे आहेत हे! अन्न जात नाही पोरीला. तुम्हीच सांगा अक्का, डोहाळे अर्धे ठेवायचे असतात का?"

अक्कांनी नीलाच्या बांगड्यांकडे पाहिलं. डोहाळ्यांना कानडीत बयके म्हणतात, आणि दोन्ही भाषांत रीत एकच: गर्भारशीची इच्छा मोडायची नाही. मोडली तर बाळाची लाळ कधी थांबत नाही, बाळाचे कान फुटतात, असं अक्कांच्या आईने सांगितलेलं. इकडे घराचा नेम आणि तिकडे बयके.

"हे बघ ग," शेवटी त्या म्हणाल्या. "करायचं ते परसात कर. शेगडी बाहेर. भांडं तुझं, पाणी तुझं. माझ्या सैपाकघरातली काडीसुद्धा मिळणार नाही. आणि मी बघणार नाही."

"नका बघू, अक्का," नीला म्हणाली, आणि कितीतरी आठवड्यांनी हसली.

मित्रांनो, तिसऱ्या चांगल्या करायच्या तर घाई करून चालत नाही. आमच्या पोटात समुद्राची वाळू असते. ती काढायची युक्ती एकच, आम्हाला समुद्राची आठवण करून द्यायची. नीलाने एका रुंद परातीत पाणी घेतलं आणि डब्यातलं होतं नव्हतं तेवढं खडेमीठ त्यात विरघळवलं. बोट बुडवून चाखलं. डोळे मिटून पुन्हा चाखलं. मग एकेक तिसरी चोळून धुतली आणि आम्हाला लिंबाच्या झाडाखाली सावलीत सोडलं. तोंड उघडं असलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी तिने बाजूला काढली; ती मेलेली असते. दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून तिने कान लावला. भरीव टक् असा आवाज आला तर आत जीव आहे, बद्द आवाज आला तर आत नुसता चिखल. असली एक चिखली जरी पातेल्यात गेली तरी सगळं कालवण वाया जातं. एवढं करून ती दमली आणि आत जाऊन आडवी झाली.

काय सांगू त्या पाण्याचं सुख! घाट चढून आलेल्या आम्ही सगळ्याजणी हळूच उघडलो. मधल्या जिवाने इवल्या नळ्या बाहेर काढल्या आणि वाळू थुंकायला सुरुवात केली. चुळुक, चुळुक.

तो आवाज अक्कांनी ऐकला. न बघण्याचा शब्द त्यांनी स्वतःच दिला होता, पण शब्दाला कान कुठे असतात? त्या आल्या, पदर नाकाला लावून वाकल्या आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"जिभा बाहेर काढल्यात ग बायांनी! तहानल्यात!" त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थूः केलं. "मिठाच्या पाण्यात घातलंय जिवांना. मारायचं ते मार, पण मारण्याआधी छळायचं कशाला?"

आणि त्या दयाळू बाईने ते सगळं खारं पाणी मोरीत ओतलं, विहिरीचं गार, गोड पाणी स्वतः शेंदलं आणि आमच्यावर घातलं. "प्या, प्या," असंही म्हणाल्या.

मित्रांनो, समुद्राच्या जिवाला गोडं पाणी म्हणजे परक्या मुलखातलं वारं. आम्ही एकदम मिटलो. खट्, खट्, खट्. वाळू पोटातच राहिली. अक्कांना वाटलं, तहान भागली म्हणून निजल्या.

नीला उठून आली तेव्हा परात नुसत्या दगडांनी भरल्यासारखी दिसत होती. तिने पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अक्का! पाणी कुणी बदललं?"

"मी," खिडकीतून अक्का म्हणाल्या. "तहानल्या होत्या. स्वल्प पाणी दिलं तर काय झालं?"

"अहो, त्या खारटच पितात! गोड्या पाण्यात त्या तोंडच उघडत नाहीत. वाळू आतच राहणार आता. आणि फार वेळ गेला तर..." ती परातीशेजारी मटकन बसली. "माझं मीठ पण संपलंय."

दुपारचं ऊन लिंबाच्या सावलीकडे सरकत होतं. चंद्रकांत कारखान्यात होता. दुकान दूर होतं, आणि नीलाला दोन पावलं चाललं तरी भोवळ येत होती. खिडकीतला चेहरा नाहीसा झाला. मग स्वयंपाकघरात काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला आणि अक्का मागच्या दाराने परसात आल्या. त्यांच्या कडेवर मूल घ्यावं तशी लोणच्याच्या मिठाची चिनी मातीची बरणी होती.

"किती घालायचं?" त्यांनी नीलाकडे न बघता विचारलं.

"अक्का, तुमच्या सैपाकघरातलं..."

"किती घालायचं ते सांग की ग!"

"समुद्राएवढं."

"मी समुद्र कधी बघितलाय?"

तेव्हा नीलाने त्यांचा हात धरला आणि परातीतल्या पाण्यात बुडवला. मूठभर मीठ, मग चाखणं, पुन्हा मूठभर, पुन्हा चाखणं. दोघी एकाच पाण्यात बोटं बुडवत होत्या. अक्का दर वेळी तोंड वाकडं करत आणि म्हणत, "इतकं खारट? यात कोण राहतं?" आणि नीला म्हणे, "अजून थोडं." शेवटी तिने मान डोलावली.

आम्ही बराच वेळ ऐकत राहिलो. मग माझ्या बहिणीने आणि मी धीर करून जरा उघडून पाहिलं. समुद्रच होता. थोडा लोणच्याच्या बरणीचा वास होता, पण समुद्रच.

चुळुक!

"थुंकली!" अक्का लहान मुलीसारख्या ओरडल्या. आणि लगेच त्यांचं तोंड पडलं. "नीला ग, माझ्या घरचं मीठ खाल्लं यांनी. आता मीठ खाल्लेल्यांना तू चिरणार?"

"मिठाला जागताहेत त्या, अक्का. बघा कशी वाळू टाकताहेत."

अक्कांनी आमच्याकडे पाहून हात जोडले. "क्षमा करा ग बायांनो. पोरीच्या पोटासाठी आहे." आणि आता मात्र त्या खरोखरच आत गेल्या, पाठीमागे दार ओढून.

उन्हं उतरल्यावर नीला विळीवर बसली. तिसरीची फट पात्याला लावायची, तळव्याने हलकेच दाबायचं आणि आतलं खारं पाणी खालच्या वाटीत गळू द्यायचं. ते कपड्याने गाळून कालवणात घालतात, त्याच्यातच खरी चव. मग सगळं मांस एका शिंपेत गोळा करायचं. ती शिंप मांसासकट पातेल्यात जाते. म्हणून या पदार्थाला एकशिपी म्हणतात. दुसरी शिंप रिकामी. ती फेकून द्यायची.

मी ती दुसरी.

पातं आमच्या मधून गेलं, बिजागरी तुटली. बहीण पातेल्यात गेली आणि मी परसातल्या ढिगावर. शेगडीवर कांदा परतल्याचा वास आला, मग भाजल्या खोबऱ्याचा, मग आमसुलाचा. अक्कांनी खिडक्या लावून घेतल्या आणि उदबत्त्या पेटवल्या. संध्याकाळी चंद्रकांत कामावरून आला. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, हे तर नदीतले खडे! आमच्याकडे रस्त्याला घालतात."

"तुम्ही रस्त्याला घाला. मला वाढा," नीला म्हणाली.

चिकपेटेतल्या पितळी ताटात नीला जेवायला बसली. एक शिंप ओठांशी नेऊन ती चोखे आणि रिकामी झाली की ताटात टाकी. टिण्. पुन्हा टिण्. सगळ्या घराचा श्वास त्या आवाजावर अडकला होता. भिंतीपलीकडे अक्का जप करत होत्या, पण तोंडातलं नाम कधीच थांबलं होतं. बोटं चालत होती ती त्या टिणटिणाटावर. ओकारीचा आवाज येतो का, म्हणून त्यांनी कान दिला होता. आला नाही. टिण्, टिण्, टिण्. बऱ्याच वेळाने नीलाचा आवाज आला, "अहो, थोडा भात आणखी वाढा."

भिंतीपलीकडून अक्का म्हणाल्या, "कृष्णा, गोविंदा!" आणि उदबत्तीच्या धुराने असेल, पण त्यांनी डोळे पुसले.

त्या टिणटिणाटात एक आवाज मी ओळखला. माझी बहीणही रिकामी झाली होती. पण किती गोड वाजली!

दुसऱ्या दिवशी अक्कांनी फर्मान काढलं की कावळ्यांनी ओढून अंगणात आणायच्या आधी सगळ्या शिंपल्या कढीपत्त्याच्या मुळाशी पुरायच्या. नीला खड्डा खणत होती आणि अक्का वर उभ्या राहून सूचना करत होत्या. माती लोटताना नीलाचा हात माझ्यावर थबकला. आमच्यात मीच सगळ्यात मोठी आणि खोलगट होते.

"अक्का, ही ठेवा. तुमची फुटत आलीय ना?"

"माझी कुठली?"

"दुधाच्या पातेल्यातली. खरवड काढता ती."

अक्का आत गेल्या आणि हातात एक जुनी, कड तडकलेली शिंप घेऊन आल्या. त्यांच्या आईची ती. पातेल्याच्या तळाला धरलेली खमंग साय तिनेच खरवडायची, हा तिथला रिवाज होता. ती कुठून आली, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. अक्कांनी ती माझ्याशेजारी धरली. तीच वळणं, त्याच रेषा.

"हीपण... तुमच्यातलीच काय ग?"

"मी पहिल्याच दिवशी पाहिली होती," नीला म्हणाली. "बोलले नाही."

अक्कांना हसू फुटलं, आणि ते थांबेचना. "अम्मा ग! तू एवढं सोवळं करत होतीस, आणि दुधात समुद्र!"

मग माझी शुद्धी झाली. चिंचेने घासली, राखेने घासली, उकळत्या पाण्यात बुडवली. पुन्हा राख, पुन्हा चिंच. उन्हात वाळवली आणि दगडावर पाणी घालून माझी कड हळूहळू घासून गुळगुळीत केली. हे सगळं अक्कांनी स्वतः केलं. "ओठाला लागता कामा नये," असं पुटपुटत होत्या. कुणाच्या ओठाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते नीलाची लेक झाली तेव्हा. पिराजीमामाच्या खेपा मध्ये चालूच होत्या, आणि परसातली परातही. घरात पहिलं रडणं उमटलं आणि बाळाला पहिली गुटी द्यायची वेळ आली. चंद्रकांतने चांदीचा चमचा पुढे केला. अक्कांनी तो बाजूला सारला. "धातू गार लागतो रे तान्ह्या ओठाला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला उचललं.

एक शिंप गेली, रांधणाच्या पातेल्यात
दुसरीने दूध दिलं, तान्हुल्याच्या ओठात

ते ओठ! मित्रांनो, चिखलातल्या भरतीची पहिली लाटसुद्धा इतकी मऊ नव्हती. मुलीचं नाव अक्कांनीच सुचवलं, क्षमा. का, ते परसातल्या परातीला आणि मला ठाऊक आहे. तिची लाळ वेळेवर थांबली. कानही ठणठणीत राहिले.

पुढची वर्षं माझ्या भरभराटीची. आधी गुटी, मग दूध, मग मऊ भात. क्षमा मोठी झाल्यावर खरवड. माझ्या कडेवरची शेवटची साय कुणी चाटायची, यावर अक्का आणि क्षमा भांडत आणि जिंकत नेहमी क्षमाच. उन्हाळ्यात नीला म्हणे, "अक्का, हिला मध्ये भोक पाडते, कैरी छान सोलली जाते." अक्का म्हणत, "तुझ्या नाकाला आहे तेवढं भोक पुरे!" आणि परसातला कढीपत्ता असा माजला की गल्लीतल्या बायका पानं मागायला येत. माझी बहीण त्याच्याच मुळाशी आहे. अक्कांच्या सारात रोज थोडी थोडी येत असते.

मग चंद्रकांतला कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. सामान गेलं. मी अक्कांकडेच राहिले. त्याच सुमारास घरात स्टीलचे चमचे आणि उलथणी आली, आणि मी खिडकीत पालथी पडले. माझ्यावर धूळ बसली. कधी एखादा कोळी येई, पाठीवरून चालून जाई. तक्रार म्हणून सांगत नाही. आम्हाला मिटून राहायची सवय असते.

गेल्या पावसाळ्यात अक्कांना मोठा ताप आला. नीला आणि क्षमा येऊन राहिल्या. ताप उतरला, पण अक्का काही खाईनात. स्टीलचा चमचा ओठाला लागला की तोंड फिरवत. पेजेची वाटी तशीच परत जाई. नीला जुन्या परसाकडे बघत बसे. एक दिवस क्षमाने इकडेतिकडे पाहिलं. उंच झाली आहे आता, दोन वेण्या घालते. तिने मला खिडकीतून उचललं, धुतलं, आपल्याच ओठांना लावून पाहिलं आणि पेजेत बुडवलं.

ते जुने, सुकलेले ओठ माझ्या कडेला लागले. थांबले. मग हळूच उघडले.

एक शिंप. दुसरी. तिसरी.

मग अक्कांनी डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "काय ग हे अळणी! स्वल्प मीठ घाल की."

दाराशी उभी असलेली नीला रडता रडता हसायला लागली. "किती घालू, अक्का?"

"समुद्राएवढं नको," अक्का म्हणाल्या.

आता अक्का हिंडूफिरू लागल्या आहेत आणि मी पुन्हा दुधाच्या पातेल्यात उतरते, काम झालं की खिडकीत पालथी होते. म्हणून म्हणते मित्रांनो, ताटातलं संपलं की जे उरतं, ते टाकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. धुऊन, घासून, कड मऊ करून पाहा. आणि पाहुणा कुठल्याही पाण्यातून येवो, त्याला पाणी देण्याआधी एकदा विचारा, गोडं हवं की खारं.